तुमच्याकडे कीबोर्ड ट्यून होतो का?

पहाटे ५.४०

आमच्या बिल्डिंगला पाणी साडेपाचला येतं आणि सव्वासहाला जातं, तेव्हा दिवसाची सुरुवात नळ ठरवतो. पिंप भरेपर्यंत ओट्यावर फोनची वही उघडून ठेवते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. आमचे हे पियानो ट्यून करतात, दुरुस्त करतात, पेटीचीही कामं घेतात. फोन माझ्याकडे असतो, कारण पियानोच्या पोटात हात घातलेल्या माणसाला फोन उचलता येत नाही. आलेला प्रत्येक फोन मी लिहून ठेवते: नाव, भाग, मजला, लिफ्ट आहे का, वाद्य कोणतं, शेवटचं ट्यूनिंग कधी झालं. शेवटच्या रकान्यात त्या माणसाने विचारलेला पहिला प्रश्न, त्याच्याच शब्दांत.

वेबसाइट करायची असं ठरलं तेव्हा एका डिझायनरने नमुना दाखवला होता. पांढराशुभ्र ग्रँड पियानो, त्यावर गुलाबाचं फूल, खाली ‘सुरांच्या विश्वात आपले स्वागत’. मी वही काढून शेवटचा रकाना वाचत गेले. ‘कीबोर्ड ट्यून होतो का?’ ‘कल्याणला येता का?’ ‘किती घेता?’ ‘आज येता का?’ ‘आजोबांचा पियानो विकायचाय, घ्याल?’ ‘शिकवता का?’ स्वागत करा असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. साइट मीच करायला घेतली. लग्नाआधी अकाउंट्सच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसण्यात वर्षं गेलीत, आणि साधी चार पानांची साइट करणं म्हणजे काही रॉकेट सोडणं नव्हे.

आज ठाण्याचं काम आहे. फोटो आणि आवाज हवेत, म्हणून मीही निघणार.

सकाळी ७.१०

डोंबिवली स्टेशन, ठाण्याच्या दिशेने. ह्यांची बॅग जड असते: ट्यूनिंगचा लिव्हर, रबरी पाचरी, फेल्टची लांब पट्टी, नादकाटा, पकडी, तारांची भेंडोळी. ती घेऊन हे पुरुषांच्या डब्यात कसे शिरतात हे मी आजवर पाहिलेलं नाही, कारण त्याच वेळी मी स्वतः बायकांच्या डब्यात शिरत असते. दोघं ठाण्याला भेटतो.

माझं एक काम गाडीतच होतं. साइटचं कच्चं पान फोनवर उघडून पाहायचं. दिवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात माझ्या फोनचं नेटवर्क डळमळतं, त्यात डब्यातल्या सगळ्याच फोनवर काही ना काही चाललेलं. इथे पान झटकन उघडलं तर कुठेही उघडेल. फोनने काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसाच चढवला तर पान लोळत राहतं. लांबी-रुंदी कमी करून, वेबपी प्रकारात साठवून तो शंभरेक केबीपर्यंत आणला की बघणाऱ्याला फरक कळत नाही. आज नंबर आणि मजकूर आधी आला, फोटो मागून. हवं होतं ते हेच.

मुंब्रा गेलं की दाराकडे सरकायला लागतं. फोन पर्समध्ये.

सकाळी ९.१५

घोडबंदर रोड. मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने रिक्षा, मग सोसायटीच्या गेटवर नाव, फोटो, ओटीपी. ‘पियानोवाले’ असं सांगितल्यावर वॉचमनने बॅगेकडे पाहिलं. त्याला बहुधा आख्खा पियानो अपेक्षित होता.

वरच्या मजल्यावरचं घर. जपानी बनावटीचा, सेकंडहँड आलेला अपराइट पियानो. मुलीची ट्रिनिटीची परीक्षा जवळ आलीय, आणि टीचरनी सांगितलंय की आधी पियानो ट्यून करून घ्या. घरात आल्यापासून कुणी उघडलेला नाही. ह्यांनी वरचं झाकण, समोरचं आणि खालचं पॅनल काढलं. आतून दोन हेअरपिना, एक फूटपट्टी, एक पिवळी ल्यूडोची सोंगटी आणि धुळीचा गालिचा निघाला. मला हवा होता तो हाच फोटो. पांढऱ्या ग्रँडवरच्या गुलाबाला कुणी फोन करत नाही. आपल्या पियानोच्या पोटात काय असेल असा प्रश्न पडलेला माणूस करतो.

फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारते. फ्रेममध्ये फक्त वाद्य घेते. भिंतीवरचे फोटो, खिडकीतला देखावा, मुलं काही नाही. फोनचा कॅमेरा फोटोच्या आत ठिकाणाची नोंदही ठेवून देतो, अक्षांश-रेखांशासकट. ती पुसल्याशिवाय फोटो वर चढवायचा नाही. कुणाच्या घरी महागडं वाद्य आहे याचा नकाशा आपण का वाटायचा?

ह्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. ४४० हर्ट्‌झ, आपल्या भाषेत मधल्या सप्तकाची पांढरी सहा. मग तीच पट्टी दाबली. पियानो स्पष्ट उतरलेला होता. इथेच ट्यूनिंगचा वेळ आणि खर्च दुप्पट होण्याचं कारण आहे, आणि ते मला साइटवर नीट समजावायचंय. पट्ट्या ८८, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण खर्जात एका पट्टीला एक किंवा दोन तारा आणि बाकी सगळीकडे तीन-तीन. या सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत लोखंडी चौकट ओतलेली असते. उतरलेल्या पियानोच्या तारा वर चढवत गेलं की एकूण ताण वाढतो, लाकूड दबतं, आणि मघाशी बरोबर लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून आधी भराभर एक ओबडधोबड फेरी मारून सगळा पियानो वर आणायचा, आणि मग बारीक ट्यूनिंगची फेरी. जुन्या गंजक्या तारा पहिल्या फेरीत तुटूही शकतात; तसं असेल तर हात लावण्याआधीच सांगावं लागतं.

पहिली फेरी सुरू झाल्यावर मी फोन स्टुलावर ठेवला. आवाजाचे नमुने घ्यायचे तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही वेळा फोन त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर हवा. पंखे बंद, एसी बंद, कुकरला विनंती. फोनचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो, तेव्हा दणक्यात वाजवून उपयोग नसतो. मी एकाच पट्टीच्या दोन तारा मागितल्या. एक ४४०वर आणि दुसरी ४४१वर असेल तर आवाज सेकंदाला एकदा डोलतो. तंबोरा लावताना जी लाट ऐकू येते तीच. हे लिव्हर अगदी केसभर फिरवतात आणि लाट लांबत लांबत थांबते. पंधरा सेकंदांच्या या तुकड्याने ट्यूनिंग म्हणजे काय ते कळतं. मी लिहिलेल्या तीन परिच्छेदांनी कळत नव्हतं.

मधल्या भागातलं एक सप्तक आधी लावतात, त्यावरून बाकीची. या सप्तकात एक गोष्ट मुद्दाम ‘चुकीची’ ठेवायची असते. ४४०च्या खालच्या सप्तकातली पांढरी चार आणि पांढरी सहा एकत्र वाजवली तर सेकंदाला सुमारे सात वेळा डोल ऐकू येतो, आणि तो तसाच यायला हवा. बारा सुरांत अंतर सारखं वाटून दिल्यामुळे पियानोचा गंधार आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले तर चौदा म्हणजे कानाला टोचण्याइतके. ठाणे-डोंबिवलीत घरटी कुणीतरी गाणं शिकलेलं असतं. आमच्या वहीत एका ताईंचा प्रश्न आहे: ‘ट्यून करून गेलात, पण गंधार अजून चढाच लागतोय.’ बाईंचा कान पक्का आहे, आणि ट्यूनिंगही बरोबर आहे. साइटवर हा प्रश्न तसाच घालणार आहे.

एक मात्र ह्यांनी काम करताना न विचारता सांगितलं आणि मी तिथल्या तिथे टिपून घेतलं. हा पियानो एसीच्या थेट झोताखाली ठेवलाय. रात्री एसी, दिवसा उघड्या खिडक्या, आणि नुकताच संपलेला पावसाळा. पियानोच्या मागची लाकडी साउंडबोर्ड दमट हवेत फुगते, सूर चढतात. कोरड्या हवेत आकसते, सूर उतरतात. वर्षात एकदाच ट्यून करणार असाल तर पावसाच्या तोंडावर करू नका. पाऊस संपून हवा स्थिरावली की करा. आणि जुन्या मुंबईच्या घरांतला एक उपाय असा, की खालच्या पॅनलच्या आत, फेल्टपासून लांब, कमी वॉटचा बल्ब पेटता ठेवायचा, म्हणजे आतली हवा उबदार आणि कोरडी राहते. हल्ली लोक हा सल्ला ऐकून आत एलईडी बसवतात आणि विचारतात, पट्ट्या अजून का अडकतात? एलईडी तापत नाही, म्हणून. उजेड पियानोला कशाला हवाय! उबेसाठी मंद तापणारी खास दांडी मिळते, ती योग्य वायरिंगने लावून घ्यावी. घरगुती बल्ब लाकडाला टेकला तर नसती आफत.

दुपारी १२च्या आसपास

बारीक फेरी चालू असताना मी गॅलरीत. आत शांतता हवी, आणि फोन वाजतात.

‘तुमच्याकडे कीबोर्ड ट्यून होतो का?’ हा पहिलाच. मी सांगते: कीबोर्डला, डिजिटल पियानोला तारा नसतात. आतला आवाज आधीच रेकॉर्ड करून भरलेला असतो, तो उतरत नाही. फार तर सेटिंगमध्ये कुणीतरी ४४०चे ४४२ केलेले असतात, ते मेनूत जाऊन परत करा. पट्टी दाबली तरी वाजत नसेल तर खालच्या रबराच्या पट्टीचा किंवा सर्किटचा दोष, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. गृहस्थ म्हणाले, ‘मग तुम्ही नक्की करता काय?’

दुसरा फोन बदलापूरहून, तिसरा एका क्लासमधून. क्लासवाल्या मॅडमना नाताळच्या आधी दोन पियानो करून हवेत. डिसेंबरच्या तारखा लवकर भरतात, चर्च आणि शाळा एकदमच मागे लागतात.

कीबोर्डच्या फोनवरून घरी वाद झालेला आहे. साइटच्या पहिल्या पडद्यावर मी दोनच ओळी ठेवल्यात: काय करतो, आणि लगेच खाली, ‘कीबोर्ड आणि डिजिटल पियानो आम्ही दुरुस्त करत नाही.’ ह्यांना पटेना. ‘अगं, दुकानाच्या पाटीवर कुणी ‘इथे साखर मिळत नाही’ असं लिहितं का?’

‘रोज पंधरा माणसं साखर मागायला येत असतील तर लिहावं,’ मी म्हटलं. पंधरा जरा जास्त झाले, पण ओळ राहिली.

दुपारी १.४०

काम संपलं. मुलीने ‘नंतर’चा तुकडा स्वतः वाजवला, तो नमुना चांगला आलाय, आईवडिलांची परवानगी घेऊन फक्त हात दिसतील असा ठेवला. ठाणे स्टेशनला वडापाव. हे पुढे कल्याणला, मी डोंबिवलीला उतरले.

दुपारी २.४५

जेवणखाण उरकून बसले. आजचं मोठं काम ‘कुठे येतो’ या पानाचं.

आमचं दुकान नाही. घरी कुणी पियानो आणत नाही, आम्हीच जातो. अशा धंद्याला गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत पत्ता झाकून सेवेचा परिसर देता येतो, वीस ठिकाणांपर्यंत. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, भिवंडी असं लिहीत गेले. वीस भरायचा मोह होतो. पण हे विरारला जाणार नाहीत हे मला माहीत असताना विरार कशाला लिहू? जिथे आठवड्यातून एकदाच जातो तिथे तो वार लिहिला.

धंद्याच्या साइटींचा एक प्रकार मला मुळीच आवडत नाही. एकच मजकूर घ्यायचा आणि ‘ठाण्यातील सर्वोत्तम’, ‘कल्याणमधील सर्वोत्तम’ अशी गावाचं नाव बदलून वीस पानं करायची. गूगलच्याही नियमांत हे बसत नाही. मी ठरवलं, एखाद्या गावाबद्दल वेगळं सांगण्यासारखं असेल तरच लिहायचं. आणि वेगळं पुष्कळ आहे. कल्याणच्या जुन्या घरांचे लाकडी जिने अरुंद असतात. अपराइट पियानोही दोन-अडीचशे किलोच्या आसपास भरतो, तो एकदा माडीवर गेला की तिथेच दुरुस्त करायचा, वर्कशॉपला न्यायची भाषा करायची नाही. शिळफाट्याच्या बाजूच्या नव्या वसाहतींत सामानाची लिफ्ट आणि तिची परवानगी आधी लागते. घोडबंदरला एसी. जुन्या डोंबिवलीत तळमजल्याची ओल आणि वाळवी. पियानोच्या पायाखाली काय चाललंय ते टॉर्च लावून बघावं. एमआयडीसीजवळच्या घरांत तारा लवकर काळवंडतात असंही ह्यांचं म्हणणं आहे. असेल. पण मला ते सिद्ध करून दाखवता येणार नाही, म्हणून पानावर घेतलं नाही.

मग भाषा. मुख्य साइट मराठीत, शेजारी इंग्रजी पान. मैत्रीण म्हणाली, पियानो घेणारे लोक इंग्रजीच वाचतात. आमची वही तसं म्हणत नाही. फोनवर अर्ध्याहून जास्त लोक मराठीत बोलतात. शोधताना मात्र बरेचजण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि हल्ली फोनला तोंडाने सांगतात. म्हणून पानाच्या शीर्षकात देवनागरीत नाव, काम आणि गाव, इंग्रजी पानावर तेच रोमनमध्ये. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नमूद करायचं, म्हणजे दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजी उच्चारात अडखळत बसत नाही. हे सांगायला हवं, कारण सूर लावणाऱ्यांत आणि वाजवणाऱ्यांत न दिसणारी माणसं जगभर आहेत, आणि आमच्याही ग्राहकांत आहेत.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं. मनापासून घ्यावंसं वाटलं होतं. पण फोनवर ‘डॉट भारत, देवनागरीत टाइप करा’ सांगायचं, आणि समोरच्याने रोमन कीबोर्डवर शोधत बसायचं? ‘.इन’ घेतलं. वर्षाला डोमेनचा खर्च; साइट स्थिर पानांची आहे, त्यामुळे ठेवायला फुकट जागा मिळते. डेटाबेस नाही, फिरणारे बॅनर नाहीत. संपर्काचा फॉर्मही नाही; फॉर्म ठेवला की कर्ज देणारे आणि ‘तुमची साइट पहिल्या नंबरवर आणू’ म्हणणारे आधी येतात. त्याऐवजी कॉलचं बटण आणि व्हॉट्सॲपचं बटण. व्हॉट्सॲपचं दाबलं की तयार मजकूर उघडतो: भाग, मजला, लिफ्ट, शेवटचं ट्यूनिंग, पियानोचा फोटो आणि नंबर. वरचं झाकण उचललं की लोखंडी चौकटीवर सिरियल नंबर दिसतो. यामाहा, कावाई अशा कंपन्यांच्या पियानोंचं वय त्यावरून कळतं. तो आधी आला की कोणते सुटे भाग बॅगेत टाकायचे ते हे आदल्या रात्री ठरवतात.

माझ्या वहीचे रकाने आता गिऱ्हाईक स्वतः भरून पाठवेल.

दुपारी ४.३०

चहा. दराचं पान.

सगळे म्हणतात दर लिहू नका, फोन करू दे, मग बोलता येतं. माझा अनुभव असा की दर न कळलेला माणूस फोन करून दरच विचारतो आणि ‘सांगतो’ म्हणून ठेवतो. मी तीन ओळी लिहिल्या: नेहमीचं ट्यूनिंग, बरीच वर्षं हात न लागलेल्या पियानोची दोन फेऱ्यांची भेट, आणि नुसतं बघून सल्ला. प्रत्येकापुढे एक आकडा. ह्यांना आकड्यापुढे ‘पासून’ हवं होतं. ‘पासून’ लिहिलं की वाचणारा मनातल्या मनात दुप्पट धरतो. तुटलेली तार, सैल झालेल्या खुंट्या, उंदराने कुरतडलेलं फेल्ट यांचे पैसे वेगळे, आणि ते काम उघडून पाहिल्यावर, करण्याआधी सांगू, असं सरळ लिहिलं.

‘सेकंडहँड पियानो घेण्याआधी’ हे तिसऱ्या ओळीचं पान मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लोक चकचकीत पॉलिश बघून घेतात. खुंट्या ज्या लाकडात रोवलेल्या असतात ते चिरलं असेल तर सूर ठरत नाही, आणि ती दुरुस्ती कधीकधी पियानोच्या किमतीवर जाते. पैसे देण्याआधी कुणातरी जाणकाराला दाखवा. आम्हालाच असं नाही.

संध्याकाळी ५.२०

कल्याणहून ह्यांचा फोन, मागोमाग फोटो. एका नाटकमंडळींची जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन. मागच्या फडक्यात उंदराचं घरटं.

नाट्यसंगीताच्या साथीला ऑर्गन बालगंधर्वांच्या काळापासून इतका रुळला की आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की चर्चच्या आधी नांदी आठवते. परदेशांतून आलेल्या या वाद्यांचं तिकडचं आयुष्य बहुतेक संपलं. आपल्याकडे ती अजून ‘सौभद्र’च्या साथीला बसतात. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनला संगीत नाटकाचा प्रयोग असला की ऑर्गन कुणाचा आणायचा यावर चर्चा होते. पियानोच्या साइटवर याला जागा द्यायची का, एवढाच माझा प्रश्न होता.

‘काम तर येतंच ना?’ फोनवर हे.

‘अहो, पण शोधणारा माणूस वेगळा. पियानोवाले टीचरच्या सांगण्यावरून येतात, ऑर्गनवाले तबलजीच्या.’

‘मग वेगळं पान कर.’

करायचं ठरलं. मजकूर ह्यांनी तिथूनच सांगितला आणि मी टाइप केला. यात तारा नसतात, पितळी स्वर असतात, पेटीसारखे. ते वर्षानुवर्षं सहसा हलत नाहीत. बिघडतो तो भाता: कापड विरतं, चामडं कडक होतं, हवा गळते आणि वाजवणाऱ्याचे पाय भरून येतात. स्वर चढवायचा तर त्याच्या पितळी पातीचं टोक किंचित खरवडायचं, उतरवायचा तर मुळाशी. हे वाचून घरी ब्लेड घेऊन बसू नका, खरवडलेलं पितळ परत येत नाही. हे शेवटचं वाक्य माझं.

संध्याकाळी ७.४५

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काकूंना साइट दाखवली. परीक्षक म्हणून त्यांच्यासारखं कुणी नाही. चष्मा आहे, वेळ आहे, आणि खोटं बरं बोलायची सवय नाही. मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ‘काकू, समजा तुमच्या नातवाचा पियानो बिघडलाय, काय कराल?’

त्यांनी पान वर-खाली केलं. आवाजाचा नमुना दोनदा ऐकला. ‘आधीचा मला जास्त भरलेला वाटला,’ म्हणाल्या. हे मला अपेक्षित नव्हतं, पण खरं आहे. डोलणारा आवाज अनोळखी कानाला भरीव लागू शकतो. नमुन्याखाली काय ऐकायचं ते एका ओळीत लिहायला हवं. मग त्यांनी नंबर शोधला आणि तो सापडेना. बटण हिरवं होतं, खाली चिकटलेलं होतं. त्यांना ती जाहिरात वाटली. ‘आकडे लिही गं. बटणावर माझा विश्वास नाही.’ नंबर आकड्यांत, मोठा, सगळ्यांत वर गेला. अक्षरही एक माप वाढवलं. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या वर-खाली असतात, इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ओळींमधलं अंतरही वाढवलं.

रात्री ९.१५

हे आले. उंदराचं घरटं काढून आलेल्या माणसाला आधी आंघोळ, मग जेवण, मग ‘आमच्याविषयी’.

डिझायनरच्या नमुन्यात ‘तज्ज्ञ’, ‘अग्रगण्य’, ‘विश्वासार्ह’ होतं. ह्यांनी तिन्ही काढायला लावले. मग सांगितलं ते असं: सुरुवात पेटीच्या कामाने. पियानो शिकलो धोबीतलावच्या भागात, एका वयस्क गोवेकर ट्यूनरच्या हाताखाली. बरीच वर्षं नुसती बॅग धरली. तेव्हा पियानोचं जग तिकडेच होतं. १८६५पासूनचं फुर्टाडोज तिथलं, पारशी घरं, चर्च, हॉटेलं तिकडची. आमच्याकडून गाडी पकडून तिकडे जायचं. आता पियानो कासारवडवलीला आणि पलावाला आलेत.

‘गुरुजींचं नाव घालायचं?’ मी विचारलं.

‘त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नको.’

परीक्षणं, म्हणजे रिव्ह्यू, यावर मात्र ह्यांचं आणि माझं लगेच एकमत. त्याबदल्यात सूट द्यायची नाही. गूगललाही ते चालत नाही, आणि सूट घेऊन दिलेलं कौतुक वाचणाऱ्याला बरोबर ओळखू येतं. काम झाल्यावर लिंक पाठवायची, वाटलं तर लिहा म्हणायचं, एवढंच.

रात्री १०.०५

साइट चढवली. कुलपाची खूण आली, नंबर वर दिसला, आवाज वाजला. नकाशावरच्या नोंदीची तपासणी बाकी आहे. तिच्यासाठी व्हिडिओ द्यावा लागतो, तो उद्या अवजारांची बॅग उघडून काढायचा.

वहीतल्या शेवटच्या महिन्याच्या नोंदींवर मी पेन्सिलीने खुणा केल्यात, कोण कुणाकडून आलं त्याच्या. पियानोचं पक्कं झालेलं जवळजवळ प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या पियानोच्या टीचरकडून आलेलं आहे. पालक टीचरकडून नाव ऐकतात, मग फोनवर शोधतात आणि काहीच सापडत नाही. त्या वेळी समोर काहीतरी दिसावं, येणारा माणूस कोण, कधी येईल, किती घेईल, हे कळावं, त्यासाठी ही साइट. म्हणून पहिली लिंक जाहिरातीत टाकायची नाही. उद्या अकरा वाजता, शिकवण्या सुरू व्हायच्या आधी, ती टीचरना एकेक करून पाठवायची: टिळकनगरच्या, खडकपाड्याच्या, नौपाड्याच्या. आणि बदलापूरला फोन करायचाय. शनिवार रिकामा आहे.